शेजारची खुर्ची

शनिवार, ५ एप्रिल

फादर लिओ म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, बरं वाटेल. रोज जमणार नाही. आज लिहिते.

शाळेच्या बेसबॉलच्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता. बोचरा वारा होता. डिकीतून खुर्च्या काढल्या. कर्टने दोन्ही घडीच्या खुर्च्या एकाच पट्ट्याने बांधून ठेवल्या आहेत, एक काढायची म्हटली तरी दोन्ही निघतात. जाळीमागे त्याच्या ठरलेल्या जागी मी दोन्ही उघडल्या आणि डावीकडच्या खुर्चीत बसले. मी नेहमी डावीकडेच बसायचे.

बॉलचा वेग मोजायचं यंत्रही आता माझ्याकडे आलं आहे. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसतं. कर्ट ते डोळ्यासमोर धरून आकडा पुटपुटायचा आणि मी शब्दकोडं सोडवत ‘हं’ म्हणायचे. आज मी धरलं. माझ्या मुलाचा, वायटचा, बॉल ताशी शहाऐंशी मैलांनी आला. मी आकडा पुटपुटले, आणि मग लक्षात आलं की ‘हं’ म्हणायला कोणी नाही.

ट्रूडी आली होती. आमचा कॅचर मेसन तिचा नातू. वायट पिचर, त्याने टाकलेले बॉल तोच झेलतो. ट्रूडीचा आवाज मैदान ओलांडून मक्याच्या शेतापर्यंत जातो आणि तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया असतात. लंगडत जवळ आली आणि म्हणाली, “इथे कोणी बसलंय का गं, रोझलिन?”

“हो,” मी म्हणाले.

तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बरं बाई,” म्हणाली आणि जाळीला धरून उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली, “बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांना एक माणूस कमी पडतं. माझी जोडीदारीण ॲरिझोनाला गेली. सांगून ठेवते.”

युकर हा पत्त्यांचा जोडीनेच खेळायचा डाव. मी आणि कर्ट लग्नाआधीपासून तिथे जायचो. जानेवारीत कर्ट गेला, तेव्हापासून मी गेलेले नाही.

शनिवार, १९ एप्रिल

जवळच्या कॉलेजचे कोच वायटला बघायला आले होते. चाळीस मिनिटांवरचं कॉलेज. वायट फार सुंदर खेळला. सत्त्याऐंशी, पुन्हा सत्त्याऐंशी.

परतताना म्हणाला, “हे कॉलेज काही वाईट नाही, मॉम. रविवारी जेवायला घरी येता येईल.”

“तिथे जंगलांचा अभ्यास कुठे आहे?”

“मग दुसरं काहीतरी शिकेन.”

ओरेगनच्या कॉलेजचं माहितीपत्रक नववीपासून त्याच्या पलंगाशेजारी भिंतीवर लावलेलं आहे. वनशास्त्र आणि बेसबॉल, दोन्ही एका ठिकाणी. कर्ट म्हणायचा, ह्या पोराला झाडंही तिथलीच लागतात, आपली चालत नाहीत. तिथल्या कोचनी हिवाळ्यात त्याची चित्रफीत पाहून पत्र पाठवलं होतं. ते आलं तेव्हा कर्ट होता. सतरा वर्षांच्या मुलाचं मन असं बदलत असावं.

रविवार, ११ मे

मदर्स डे. वायटने मागच्या दाराला दिवा बसवून दिला. कोणी जवळ आलं की आपोआप लागतो.

“तू प्रयोगशाळेतून उशिरा आलीस आणि घरात कोणी नसलं, तरी अंधारात किल्ली शोधावी लागणार नाही.”

“कोणी नसलं म्हणजे? तू असतोसच की.”

“असंच म्हणतोय,” म्हणाला.

मग त्याने फडताळ उघडून विचारलं, “मॉम, मी नसतो तेव्हा तू हे डब्यातलं टोमॅटो सूपच पितेस का? फक्त हेच?” मला वाटलं त्याला भूक लागली असेल. अंडी करून दिली.

शनिवार, १७ मे

कोच डिल यांनी उन्हाळी संघाच्या पालकांना पिझ्झाच्या दुकानात बोलावलं होतं. दरवर्षी कर्ट जायचा. मी मागच्या टेबलावर बसले.

खर्च ऐकून शेजारच्या बाईंनी पिझ्झाचा तुकडा परत ताटात ठेवला. संघाची वर्गणी वेगळी, जॉर्जियातल्या मोठ्या स्पर्धेची वेगळी. राहायचं ते स्पर्धेवाल्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच. स्वस्त हॉटेल शोधलं तर संघ बाद. आणि आपलाच मुलगा खेळताना बघायला फाटकावर तिकीट.

मग पालकांसाठीच्या सूचना. “कॉलेजचे कोच आले की तुम्ही त्यांच्याजवळ जायचं नाही. ते आले तरच बोलायचं. मुलाला बाटली द्यायला धावायचं नाही. आणि मुलाची पिशवी आईने उचललेली दिसली, तर तो मुलगा गेला समजा! ते लोक मुलगा गाडीतून उतरतो तिथपासून बघतात.”

ट्रूडी मागून ओरडली, “मग माझी पिशवी मेसनने उचललेली चालेल का? तिच्यात बियाच फार आहेत.” सगळे हसले.

कोच डिल नंतर माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, “ओरेगनवाले गंभीर आहेत, रोझलिन. जूनमध्ये दोनदा बघणार आहेत. त्यांच्याकडे एकाच पिचरची जागा उरली आहे. वायट नेहमीसारखा खेळला तरी पुरे. पैशांची अडचण असेल तर मी थोडं थांबू शकतो.”

मी म्हटलं, अडचण नाही.

मंगळवार, २७ मे

कर्टची होडी विकली. घेणारा माणूस भला होता. होडी गाडीला जोडून झाल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

कालच वायटने ती धुऊन, पुसून, चाकांना वंगण लावून ठेवली होती. मी सांगितलं नव्हतं. होडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर तो म्हणाला, “आता शनिवारी काय करशील तू?”

“शनिवार-रविवारी तुझे सामने आहेत ना, लुईव्हिलला.”

“ह्या नाही. पुढच्या वर्षीच्या.”

“कपडे धुईन,” मी म्हटलं.

तो कोठाराकडे गेला. तिथे कर्टने फळ्या ठोकून चौकट आखून दिली आहे, वायट त्यावर बॉल मारतो. पूर्वी तो आवाज स्वयंपाकघरात आला की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. आज पाच-सहाच बॉल टाकले असतील, तेही नुसते थपथप. होडीचं वाईट वाटलं असणार. मलाही वाटलं.

रविवार, १ जून

लुईव्हिल. ओरेगनचे कोच बेलामी स्वतः आले होते. उंच, उन्हाने रापलेले, डोक्यावर हिरवी टोपी.

वायटने गाडीतून स्वतःची पिशवी घेतली, माझ्या दोन्ही खुर्च्याही खांद्याला लावल्या. मी नको म्हटलं तर म्हणाला, “कोच लोक बघतात, मॉम.” जाळीपाशी खाली ठेवून गेला. मी दोन्ही उघडल्या.

वाईट खेळला. एक्क्याऐंशी. मला वाटलं मी यंत्र नीट धरलं नाही. प्रयोगशाळेत आकडा विचित्र आला की आम्ही आधी यंत्र तपासतो. पण बेलामी यांच्या हातातल्या यंत्रावरही तोच आकडा असावा, कारण त्यांनी ते मांडीवर ठेवून दिलं.

ट्रूडी जाळीपाशी उभी होती. मी म्हटलं, “घाबरला बहुतेक.”

“कोण, वायट? परवाच्या सरावात ह्याने माझ्या मेसनचा तळहात सुजवलाय. रात्री बर्फ धरून बसला होता पोरगा.” तिने एक साल थुंकलं. “हा नाही घाबरत कोणाला.”

मग काय झालं असेल? सकाळी नीट खाल्लं नव्हतं. उद्यापासून ओट्स देईन.

गुरुवार, ५ जून

कोच डिल यांनी सुचवलेल्या प्रशिक्षकाकडे वायटला नेलं. तासाभराची फी माझ्या दोन दिवसांच्या पगाराएवढी. त्याने खांदा दाबून पाहिला, कोपर वाकवून पाहिलं, वीस बॉल टाकायला लावले. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दंडाला काहीही झालेलं नाही, बाई. ह्याच्यात नव्वद आहे. तो टाकत नाहीये.”

“म्हणजे?”

“ते मला कळलं असतं तर मी ह्याहून जास्त फी घेतली असती.”

माणूस हसतमुख होता. मला मात्र काही समजलं नाही.

बुधवार, ११ जून. जॉर्जिया

दिवसभर गाडी चालवली. वायट गाडीतच मोकळेपणाने बोलतो. घरी कर्टचं नाव निघत नाही, पण नॅशव्हिल ओलांडलं की निघतं. डॅड इथेच चुकीचा रस्ता घ्यायचा. डॅड ह्याच पुलावर गायचा. मी ऐकत होते. हे दिवस महाग आहेत, तरी मला आवडतात.

हॉटेलात माझी एक चूक उघडी पडली. स्पर्धेची तिकिटं फोनवरून काढताना गेल्या वर्षीचीच नोंद पुन्हा पाठवली गेली आणि दोन मोठ्या माणसांचे पास आले. मनगटाला बांधायचे कागदी पट्टे, पिवळे. पैसे परत मिळत नाहीत. मी दोन्ही टेबलावर ठेवले आणि तोंड धुवायला गेले. बाहेर आले तर वायट त्यांच्याकडे बघत उभा होता.

“चुकून आला,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला आणि दिवा मालवून झोपला. रात्री त्याच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. स्पर्धेचा ताण.

गुरुवार, १२ जून

ब्याऐंशी.

दुसऱ्याच डावात कोच डिल यांनी त्याला बाहेर काढलं. सामन्यानंतर गाड्यांपाशी त्यांचा आवाज चढला. “सामन्याआधी सराव करताना काय टाकत होतास, आणि इथे काय? मुलांना हा दिवस मिळत नाही रे! तुला नकोय का ओरेगन?”

“हवंय, कोच,” वायट खाली बघून म्हणाला.

“मग?”

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खुर्च्या उचलून गाडीकडे चालू लागला.

कोच मला म्हणाले, “बेलामी शनिवारपर्यंत थांबताहेत. शनिवारी मी त्याला पुन्हा उतरवतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

संध्याकाळी सगळे पालक हॉटेलच्या अंगणात सॉसेज भाजत बसले होते. ट्रूडीने दार ठोठावलं. “चल खाली. मक्याची कणसंही आहेत.”

“दमलेय गं.”

“दमायला काय झालं, बसूनच तर असतेस.” पण ती गेली.

वायट म्हणाला, “जा ना, मॉम.”

“मी बरी आहे इथे.”

“तू नेहमी बरीच असतेस,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग होता की काय, कळलं नाही. मग स्वतःच खाली जाऊन माझ्यासाठी ताट घेऊन आला, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिला.

शनिवार, १४ जून

आजचं नीट लिहायचं आहे.

फाटकाशी ट्रूडी पहारेकऱ्याशी भांडत होती. “काल रात्री मनगटाला खाज सुटली, कापून टाकला पट्टा! गुरुवारी मला इथेच बघितलंत ना? माझा आवाजही विसरलात?” तो मुलगा बिचारा, नवीन तिकीट घ्या, एवढंच म्हणत होता. माझ्या पर्समध्ये दुसरा पट्टा होता. मी काढून तिच्या हातावर बांधला. तिने विचारलं नाही की माझ्याकडे जास्तीचा कुठून आला. ट्रूडी न विचारता राहू शकते, हे मला नवीन होतं.

ऊन फार होतं. मी दोन्ही खुर्च्या उघडल्या. ट्रूडी नेहमीप्रमाणे जाळीला धरून उभी राहिली, एक पाय उचलून, बगळ्यासारखी. तिचा गुडघा सुजून कणकेच्या गोळ्याएवढा झाला होता. एप्रिलनंतर तिने ती खुर्ची पुन्हा कधी मागितली नव्हती.

“बस,” मी म्हणाले.

“ती कोणाची तरी आहे ना?”

“आहे. तरी बस.”

ती बसली. खुर्ची करकरली. कर्टच्या वजनाने असाच आवाज यायचा. मला वाटलं होतं रडू येईल. तेवढ्यात तिने बियांची पिशवी माझ्यापुढे धरली. “एका गालात साठवायच्या, दुसऱ्या गालात फोडायच्या. खारीसारखं.” मला जमेना. साल टाळ्याला चिकटलं.

वायट मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर आला. पहिला बॉल साधाच. ब्याऐंशी. दुसराही तसाच, पण मला तरी तो चौकटीतून गेल्यासारखा वाटला. पंचाने नाही म्हटलं. ट्रूडी उठायचा प्रयत्न करत ओरडली, “अहो पंच! डोळे घरी राहिले का? माझा चष्मा देऊ?”

पंच मागे वळले. घामाने निथळत होते. “चष्मा द्या, बाई. आवाज तेवढा तुमच्याकडेच ठेवा.”

मी हसले. नुसती नाही, मोठ्याने हसले. तोंडातल्या बिया माझ्या मांडीवर सांडल्या. ट्रूडी माझ्या पाठीवर थापा मारत म्हणाली, “थुंक गं, थुंक, मरशील!” आणि मला ते आणखीच हसू. कुठून आलं कोण जाणे, थांबेचना. डोळे पुसून वर पाहिलं तर वायट बॉल हातात धरून उभा होता. मेसन खुणा करत होता आणि हा आमच्याकडे बघत होता. मला वाटलं, आमच्या गोंधळाने त्याचं लक्ष उडालं. मी लाजून गप्प बसले.

त्याने टोपी खाली ओढली आणि बॉल टाकला.

मी यंत्र वर धरलंच नव्हतं. पण आवाज ऐकला. मेसनच्या हातमोज्यात फळी फुटल्यासारखा आवाज झाला. मागच्या रांगेतल्या सगळ्या माणसांनी एकदमच आपापल्या यंत्रांकडे पाहिलं. कोणीतरी म्हणालं, “नव्वद.” पुढचाही नव्वद. मेसन उठून हात झटकत होता आणि हसत होता. ट्रूडी ओरडली, “अरे, माझ्या नातवाचा हात ठेव थोडा, कॉलेजात लागेल त्याला!”

सामना संपल्यावर बेलामी स्वतः चालत आले. टोपी काढून आधी ट्रूडीशी बोलले, त्यांना तीच आई वाटली. मग मला म्हणाले, “गुरुवारी मी परत जाणार होतो. राहिलो ते बरं झालं. तुमचा मुलगा तुमच्या खुर्च्या उचलताना पाहिला होता मी. म्हणून राहिलो.”

रविवार, १५ जून

घरी पोचलो. आज फादर्स डे होता. त्याबद्दल दोघंही बोललो नाही, पण जॉर्जिया सोडण्याआधी वायटने रस्त्याकडेच्या त्या पीच फळं विकणाऱ्यापाशी गाडी थांबवायला लावली, जिथे कर्ट दरवर्षी पेटी घ्यायचा. पेटी मांडीवर घेऊन बसला.

बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, “ट्रूडीचं घर आपल्यापासून किती लांब आहे?”

“वीस मिनिटं. का रे?”

“काही नाही. मेसन म्हणत होता, तिला बुधवारी पत्त्यांना जोडीदार मिळत नाही.”

“तिने मला विचारलं होतं.”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही म्हणाले.”

त्याने मांडीवरची पेटी सरळ केली. “जाशील का, मॉम? म्हणजे, एकदाच नाही. दर बुधवारी. हिवाळ्यातही.”

“जाईन.”

“नक्की?”

“नक्की.”

मग तो झोपला. सबंध टेनेसी आणि केंटकी झोपून होता, तोंड उघडं टाकून, लहान असताना झोपायचा तसा. मी गाडी चालवत होते आणि डोक्यात आकडे येत होते. चाळीस मिनिटांवरच्या कोचसमोर सत्त्याऐंशी. ओरेगनच्या कोचसमोर एक्क्याऐंशी, ब्याऐंशी. यंत्र नीट होतं. दंडही नीट होता. घराजवळ आलो तरी मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो ‘तसं काही नाही’ म्हणाला असता, आणि ते मला खरं मानून घ्यावं लागलं असतं.

बुधवार, २५ जून

काल बेलामी यांचा फोन आला. जागा वायटची. शिष्यवृत्तीत निम्म्याहून कमी खर्च निघेल, बाकीचं मला बघावं लागेल. बघेन. वायटने फोन ठेवला आणि आधी भिंतीवरचं ते माहितीपत्रक काढून माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला कर्टच्या पेन्सिलीने आमच्या दारापासून तिथपर्यंतचं अंतर लिहिलेलं आहे, आणि खाली ‘चालेल’ असं.

आज चर्चच्या हॉलमध्ये गेले. दारात पाच मिनिटं उभी राहिले. ट्रूडीने आतून हाक मारली, “आत ये गं, पत्ते वाटून झाले!” मी तिच्यासमोर बसले. कर्ट बसायचा त्या टेबलावर नाही, दुसऱ्या. तीन डाव हरलो. ट्रूडी हुकुमाचं पान हातात असलं की चेहऱ्यावर लपवू शकत नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. मागचा दिवा आपोआप लागला. वायट पायरीवर बसून पीच खात होता.

“जिंकलीस?”

“हरले. तिला खेळता येत नाही.”

“मग पुढच्या बुधवारी?”

“जाणार आहे. तिला शिकवावं लागेल.”

तो मान हलवून उठला, पँटला हात पुसले, बॉल घेऊन कोठाराकडे गेला. मी स्वयंपाकघरात आले, दोन अंडी फोडली, टोस्ट भाजला आणि टेबलाशी बसले. यंत्र तिथेच होतं, हाताशी. उचललं नाही. कपाटातल्या बश्या किणकिणत होत्या.